पाहुणा क्रमांक चार

अकरा मिनिटं चाळीस सेकंद. रजनीनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत घातला. आकडा होता तिथंच होता. पाहुणा क्रमांक चार, ठिकाण वणी. मदतीची खिडकी उघडली, पाहुण्यानं 'नको' दाबलं, आणि त्यानंतर पानावर थांबण्याचा वेळ अकरा मिनिटं चाळीस सेकंद. आता बोला! माणसानं नको म्हटलं तर उठून आपल्या वाटेनं जावं की नाही? एका निळ्या चादरीच्या फोटोसमोर कुणी अकरा मिनिटं बसून राहतं का, आणि तीही खोट्या दुकानातली खोटी चादर! तिनं बाकीच्या ओळी पाहिल्या. पाहुणा एक, नको, सहा मिनिटं. पाहुणा दोन, नको, नऊ मिनिटं. पाहुणा तीन, नको, पाच मिनिटं. फक्त पाचव्या पाहुण्यानं, म्हणजे पुण्यात बसलेल्या प्रेरणानं, खिडकी उघडल्याबरोबर 'हो' दाबलं होतं आणि पुढच्या मिनिटाला ती कामाला निघूनही गेली होती. मांडीवरचा लॅपटॉप गरम झाला होता. नळाचा दिवस असल्यामुळे रजनी पहाटेपासून पाणी भरत होती, दंड दुखत होते, तरी ती त्या आकड्यासमोरून उठत नव्हती. त्याचं कारण तिला लगेच कळलं नाही, किंवा कळलं आणि तिनं ते दाराबाहेर उभं करून ठेवलं.

काम तसं साधं होतं. गिऱ्हाईक वेबसाइटवरच्या दुकानात येतं, वस्तू बघतं, पुढं जातं, मागं येतं, घुटमळतं. ते घुटमळलं की दुकानानं आपण होऊन खिडकी उघडायची आणि विचारायचं, मी काही मदत करू का? हो म्हटलं की पलीकडचा माणूस बोलायला लागणार. कधी विचारायचं, कुठल्या पानावर, किती सेकंदांनी, याचे नियम ठरवायचे, चादरी-सतरंज्यांचं एक नमुना दुकान उभं करायचं, पाच माणसं आत सोडून ते तपासायचं आणि आज दुपारी चारला प्रेरणाबरोबर क्लायंटला दाखवायचं. प्रेरणा तिची टीम लीडर, वय अठ्ठावीस, म्हणजे रजनीहून एकवीस वर्षांनी लहान आणि बोलायला एकवीस पट वेगवान. रजनीनं अठरा वर्षं पुण्यात कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. चार वर्षांपूर्वी आई गेली, बाबा एकटे पडले, म्हणून घरून काम मागून ती यवतमाळला परत आली, आणि पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं की आपण बाबांसाठी आलो हे लोकांना सांगायला ठीक आहे, खरं म्हणजे आपल्यालाच इथं बरं वाटतं. सकाळचं ऊन, अंगणातला कढीलिंब, बाबांचं मोठ्यानं पेपर वाचणं. खोटं कशाला बोला, सुखी होती ती. एकच गोष्ट सोडली तर. अठरा वर्षं तिनं लोकांना उत्तरं दिली होती. आपण होऊन विचारायचं काम तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं, आणि जिथं आलं तिथं तिनं माती खाल्ली होती.

पाहुणा क्रमांक चार म्हणजे अनंत सर. वणीच्या कॉलेजात गणित शिकवून या जूनमध्ये निवृत्त झाले. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगी स्पृहा हैदराबादला नोकरीत. त्यांची बहीण रजनीच्या गल्लीत राहते, तिला भेटायला दर पंधरा दिवसांनी ते बसनं यवतमाळला येत, आणि बहिणीकडे अर्धा तास बसून वामनरावांकडे तीन तास बसत. वामनराव म्हणजे रजनीचे बाबा, पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क, बोलायला कुणी मिळालं की जेवण विसरणारे. सर शांत माणूस. वणीत कोळशाची धूळ खिडकीतून आत येते म्हणून रोज सकाळी पुस्तकं पुसतात, हे त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि रजनीला ते उगीचच कितीतरी दिवस डोळ्यांपुढे दिसत राहिलं होतं: एकटा माणूस, हातात फडकं, एकेक पुस्तक. सगळ्या जगाला ते ताई म्हणत. भाजीवालीला ताई, कंडक्टरबाईला ताई, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या डॉक्टरणीलाही ताई. रजनीला दोन वर्षांत एकदाही ताई म्हणाले नव्हते. नावानंही हाक मारली नव्हती. नुसतं 'अहो, जरा पाणी देता का' म्हणायचे आणि पाणी दिलं की पेल्याकडे बघायचे. आणि हा माणूस आता येत्या वीस तारखेला वणीचं घर बंद करून कायमचा हैदराबादला निघाला होता. स्पृहानं सामानाची गाडीसुद्धा बघून ठेवली होती, आज संध्याकाळी फोन करून तिला पक्कं सांगायचं होतं. तो जाऊ नये असं रजनीला वाटत होतं. इतकं वाटत होतं की गेल्या आठवड्यात ती दोनदा आमटीत मीठ घालायला विसरली होती.

तिनं विचारलं नव्हतं असंही नाही. नोव्हेंबरात विचारलं होतं. बाबा आत आडवे झाले होते, सर वरांड्यात खुर्चीवर, ती दोरीवरचे कपडे काढत होती. हातात बाबांचं धोतर होतं, त्याची घडी घालता घालता त्या घडीकडेच बघत ती म्हणाली, "सर, हैदराबादेत तुमचं मन लागणार नाही. इथंच या ना यवतमाळला. आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत." काळजाचं पाणी पाणी झालं होतं, आणि तोंडातून निघाल्या होत्या खोल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. सर म्हणाले, "नको हो. तुम्हाला कशाला उगीच त्रास." आणि तिनं काय करावं? ती म्हणाली, "बरं." अठरा वर्षांची सवय. पलीकडून नको आलं की आवाजात गोडवा तसाच ठेवायचा, ठीक आहे सर म्हणायचं आणि फोन ठेवायचा. पुन्हा विचारलं तर तक्रार होते, तक्रार झाली तर वरून बोलावणं येतं. धोतराची घडी नीट झाली नाही, तिनं ती परत घातली. नंतर कितीतरी दिवस भांडी घासताना ते 'बरं' तिच्या कानात वाजे आणि ती नळ मोठा सोडून देई.

हाच नियम तिनं नमुन्यात घातला होता. पाहुण्यानं एकदा नको म्हटलं की खिडकी त्याला पुन्हा विचारणार नाही. प्रेरणाच्या कागदात तसंच लिहिलं होतं, आणि रजनीला ते वाचून बरं वाटलं होतं, की आपण करतो ते बरोबरच आहे, कागदावरसुद्धा आहे.

"बाबा," तिनं वरांड्यात जाऊन विचारलं, "तुम्ही मघाशी टॅबवर नको दाबलं ना?"

"दाबलं." वामनराव उन्हात पाय सोडून बसले होते. टॅब मांडीवर, चष्मा कपाळावर.

"मग त्यानंतर सहा मिनिटं काय करत होता?"

"वाट पाहून राह्यलो होतो."

"कसली?"

"अवं, तो परत विचारन म्हून! एकडाव विचारलं अन् गेला निघून. असा कसा तुमचा दुकानदार? पानी तरी विचारते का नाही मानूस?"

"बाबा, नको म्हटल्यावर कसं विचारणार परत?"

वामनरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि लेकीकडे असं पाहिलं, की हिला आपण नक्की यवतमाळातच वाढवलं ना. "पह्यला नको काय नको असते का वं? तो तर रिवाज हाय. कोनी घरी आलं, आपन म्हटलं जेवता का, अन् तो लगेच हो म्हनून पाटावर बसला, तर कसं दिसन ते? आधी नको म्हना लागते. मंग आपन म्हना लागते, असं कसं, दोन घास तरी. मंग तो म्हनते, आत्ताच जेवून आलो. मंग तिसऱ्यांदा ताट वाढूनच आना लागते. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर खरं नको."

"आणि पहिल्यांदाच खरं नको असलं तर? उगीच मागं लागल्यासारखं नाही का होत?"

"ते पाहा लागते नं! डोये कायले देल्ले देवानं? नको म्हटलं अन् चपला घातल्या, तर ते नको. जाऊ द्या लागते बिचाऱ्याले, आडवं नाही जा लागत. नको म्हटलं अन् भिंतीले टेकून बसला, तर जाय अन् पोहे टाक." एवढं बोलून त्यांनी पाय दुसऱ्या बाजूला वळवले आणि टॅबवर पेपर उघडला. पण पेपरातून वर न बघता म्हणाले, "काहून विचारून राह्यली?"

"कामासाठी," रजनी म्हणाली.

"हो का," वामनराव म्हणाले.

तेवढ्यात फुलसावंगीच्या रामसिंगभाऊंचा फोन आला. घरची तूरडाळ दरवर्षी त्यांच्याच शेतातून येते, आणि पाहुणा क्रमांक तीन तेच होते. "ताई, तुमचा तो मानूस लय घाईचा हाय," ते हसत म्हणाले. "एकडाव विचारलं अन् पयाला. मले इचारायचं होतं नं, सतरंजी किती हाताची हाय म्हून." कंपाउंडच्या भिंतीपलीकडून विमलताईंना हे ऐकू गेलं. त्या पाहुणा क्रमांक दोन, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कुणाचंही बोलणं त्यांना ऐकू जातंच. त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अगं रजनी, लगेच हो कसं म्हणायचं गं? हावरटासारखं दिसतं." रजनीनं दोघांना हो हो म्हटलं, आणि तिला हसू यायला लागलं. चारही पाहुण्यांनी आपली पायरी सांभाळली होती, आणि तिचं दुकान पोहे न विचारताच दार लावून बसलं होतं.

खरं तर तिला हे ठाऊक होतं. सात वर्षांची असताना आई तिला केळापूरच्या देवीला घेऊन गेली होती, आणि परतताना पांढरकवड्याला बाबांच्या कुण्या साहेबांच्या घरी जायचं होतं. आईनं बसमध्येच पढवून ठेवलं होतं, हे बघ, खायला दिलं तर आधी नको म्हणायचं, शहाण्यासारखं. साहेबीणबाई कोकणाकडच्या होत्या, गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या. त्यांनी बुंदीच्या लाडवांचं ताट पुढं केलं. रजनी नको म्हणाली. साहेबीणबाई म्हणाल्या, हो का, बरं, आणि ताट उचलून आत घेऊन गेल्या! त्या ताटाचं जाणं तिला अजून दिसत होतं, पिवळे गोल लाडू, एकावर बेदाणा, आणि पडदा परत जागेवर येणं. ती पडद्याकडे बघत राहिली होती. परत येताना बसमध्ये तिनं भोकाड पसरलं, तेव्हा आईला आधी हसू आवरेना आणि मग आईचेही डोळे भरून आले. आई म्हणाली, त्यांच्याकडे आग्रह करत नाहीत गं, त्यांना वाटलं तुला खरंच नको. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती, ना लाडू देणाऱ्या बाईची ना नको म्हणणाऱ्या पोरीची, आणि तरी पोर उपाशी राहिली होती. आणि मोठी झाल्यावर तीच पोर पुण्याला गेली, हेडफोन लावला, आणि ताट उचलून आत नेणारी साहेबीण होऊन बसली. रजनीला स्वतःचा राग आला, पण तो राग फार वेळ टिकला नाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आत घुसलं.

बस. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी सरांची बस पाचची होती. ते दर वेळी पाचच्याच बसनं जात, पावणेपाचला उठत, पिशवी उचलत, निघालो, वामनकाकांना सांगा म्हणत. त्या दिवशी ती 'बरं' म्हणाली, कपडे घेऊन आत गेली, इस्त्री करत बसली. पाच वाजले. सर वरांड्यातच. तिनं खिडकीतून पाहिलं होतं, ते खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून कढीलिंबाकडे बघत होते. सव्वापाच. तिला वाटलं, डोळा लागला असेल. सहाला बाबा उठले, त्यांनी चहा मागितला, सरांनाही दिला, आणि ते साडेसहाच्या बसनं गेले. दीड तास! भिंतीला टेकून नव्हे, पण खुर्चीला टेकून, पायांत चपला न घालता, दीड तास तो माणूस बसून होता, आणि ती आत बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरवर गरम इस्त्री फिरवत होती. रजनी लॅपटॉपसमोर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. पण आपली भीड तर आपल्याबरोबर दुसऱ्यालाही भिकेला लावत होती, याची तिला अगदी पोटातून लाज वाटली, आणि त्या लाजेच्याच तळाशी, काय सांगावं, एक गोड गुदगुल्या करणारी आशा होती. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. बाई गं.

मग ती कामाला लागली. एकदा कामाला लागली की रजनी वेगळीच. तिनं नियमांचं पान उघडलं आणि बाबांचा रिवाज त्यात बसवायला घेतला. पाहुण्यानं नको म्हटलं आणि पान बंद केलं, तर त्याला पुन्हा कधीही विचारायचं नाही. नको म्हटलं आणि दोन मिनिटांच्या वर थांबला, तर दुसऱ्यांदा विचारायचं, पण तेच वाक्य नाही. दुसऱ्यांदा वाक्य वेगळं हवं, जास्त जवळचं हवं. तिनं लिहिलं, 'सावकाश बघा. काही विचारायचं असेल तर मी इथंच आहे.' तिसऱ्यांदा खिडकीनं विचारायचं नाही, पलीकडच्या माणसानं स्वतः विचारायचं, आपल्या शब्दांत. त्यालाही नको आलं तर विषय संपला. साडेबारापर्यंत तिनं नियम बसवले, एकदा स्वतःच पाहुणी होऊन तपासलं, एक चूक सापडली, ती दुरुस्त केली. मग चौघांना निरोप धाडला, कृपया पुन्हा एकदा दुकानात या. सरांना निरोप पाठवताना बोट जरा अडलं. 'सर, वेळ असेल तर परत एकदा उघडाल का?' पलीकडून लगेच आलं, 'वेळच वेळ आहे.'

बाबांनी दुसऱ्या खेपेला हो दाबलं आणि वरांड्यातून ओरडून सांगितलं, "आता कसा मानसावानी बोलला!" विमलताईंनीही दुसऱ्या खेपेला हो म्हटलं आणि उशांच्या अभ्र्यांबद्दल सात प्रश्न विचारले. रामसिंगभाऊंना सतरंजी किती हाताची ते कळलं. नमुना दुकान भरभरून चाललं. मग एकच्या सुमाराला पाहुणा क्रमांक चार आत आला. निळ्या चादरीच्या पानावर गेला. पंचेचाळीस सेकंदांनी खिडकी उघडली. नको. दोन मिनिटं गेली, रजनी कोपऱ्यातला आकडा पुढं सरकताना बघत होती. दुसऱ्यांदा खिडकी उघडली. सावकाश बघा, मी इथंच आहे. बराच वेळ काही नाही. मग परत नको. पण पाहुणा गेला नाही. निळी चादर, पाहुणा, आणि पुढं पुढं सरकणारे सेकंद. आता तिसरी खेप, आणि ती खिडकीची नव्हती.

तिनं लिहायला घेतलं. 'वरच्या दोन खोल्या अजून' एवढं लिहून थांबली, आणि ते सगळं खोडलं. पुन्हा खोल्या! मग तिनं डोळे मिटून, विहिरीच्या कठड्यावर चढलेल्या पोरासारखा श्वास रोखून धरला आणि लिहिलं, 'सर, मी रजनी. नोव्हेंबरात मी खोल्यांचं विचारलं, ते माझं चुकलं. मला खोल्या भरायच्या नाहीत. तुम्ही गेलात तर मला फार वाईट वाटेल. मला तुम्ही माझ्याजवळ हवे आहात. जाऊ नका. यालाही नको म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही, आणि रागावणारही नाही.' पाठवलं. पाठवल्यावर वाचलं. खिडकीच्या खाली अक्षरं उमटली, पाहुणा लिहीत आहे. मग ती अक्षरं गेली. परत आली, पाहुणा लिहीत आहे. परत गेली. चार वेळा असं झालं. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, एकोणपन्नास वर्षांची बाई, परीक्षेचा निकाल लागताना बसावं तशी.

आणि मग पडद्यावर आलं, पाहुणा क्रमांक चार निघून गेला.

म्हणजे चपला घातल्या. असं झालं तर काय करायचं तेही तिनंच सकाळी नियमात लिहिलं होतं: पुन्हा कधीही विचारायचं नाही. ती उठली नाही, रडलीही नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, किका मारल्याचा आवाज येत राहिला. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं तिला वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याच्या बरोबरच, कशाचं काय बाई, छातीवरचं एक ओझं उतरलं होतं. दुखत होतं, अगदी हात ठेवून दाखवता येईल असं दुखत होतं, पण त्या 'बरं'सारखं सलत नव्हतं. ती जेवढं बोलायचं तेवढं बोलली होती, भांडं पुढं धरून बोलली होती. आता ताक नसेल त्यांच्याकडे. सर हैदराबादला जातील, बाबांना पत्र टाकतील, ती आमटीत मीठ घालायला शिकेल पुन्हा. ती घोटभर पाणी प्यायली.

फोन वाजला तेव्हा पेला तिच्या हातातच होता. प्रेरणा होती. "मॅडम, मी आत्ताच आकडे बघितले. कमाल आहे! चारपैकी तीन हो? सकाळी तर एकही नव्हता. काय केलंत?" रजनीनं नियम समजावला, पहिला नको, बसून राहणं, दुसऱ्यांदा विचारणं. प्रेरणानं दोनदा "थांबा, लिहून घेते" म्हटलं, मग कंपनीच्या बाकीच्या नमुन्यांत हे कसं बसेल त्यावर पाच मिनिटं बोलली. मग वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाली, "मॅडम, ते सगळे संवाद माझ्याकडे पण दिसतात. चार नंबरचा मी वाचला. म्हणजे, उघडला आणि मग कळलं. सॉरी. चारच्या आधी काढून टाकू का?"

अरे देवा. हे रजनीच्या ध्यानीमनीही नव्हतं. सगळं जपून ठेवायचं हा नियम पण तिनंच तर लावला होता! क्षणभर तिला जमिनीत जावंसं वाटलं, आणि मग स्वतःचंच नवल वाटलं, कारण ती म्हणाली, "क्लायंटला दाखवू नकोस म्हणजे झालं. पण पुसू नकोस. मी लिहिलंय ते खरं आहे."

"नाही पुसत," प्रेरणा म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "ऑल द बेस्ट, मॅडम."

फोन बंद झाला आणि तो लगेच हातातल्या हातात थरथरला. अनंत सर. तिनं उचलला.

"किती वेळचा लावतोय," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "एंगेज, एंगेज. मला वाटलं, तुम्ही रागानं बंद ठेवलाय."

"ऑफिसचा होता."

"ते बंद झालं हो! मी लिहीत होतो, बोट कुठं लागलं कोण जाणे, सगळं गेलं. परत उघडलं तर ते आपलं पहिल्यापासून, मी काही मदत करू का. म्हटलं, याला आता काय काय सांगत बसू."

रजनीला हसू फुटलं, आणि हसतानाच डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. "काय लिहीत होता?"

"चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. गणिताचा माणूस मी, मला काय लिहिता येतंय."

"मग तोंडानं सांगा."

पलीकडे वणीचा रस्ता होता, एक ट्रक गेला, त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत सर थांबले. "मला जायचं नव्हतं," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. नोव्हेंबरात तुम्ही म्हणालात, तेव्हा आधी मला वाटलं, तुम्ही भाडेकरू शोधताय. मग वाटलं, नसाल शोधत. मग तुम्ही बरं म्हणालात आणि आत गेलात. मी बसलो होतो बराच वेळ."

"दीड तास," रजनी म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आज कळलं."

"रजनी," सर म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणून झाल्यावर ते स्वतःच दचकल्यासारखे थांबले. "मी येतो. स्पृहाला आज संध्याकाळी सांगतो. लपवणार काही नाही, सगळं सांगतो. ती आधी चिडेल, मग दहा प्रश्न विचारेल, मग तुमच्याशी बोलायचंय म्हणेल. चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. आढेवेढे न घेता, पहिल्याच खेपेला.

फोन ठेवल्यावर ती किती वेळ बसली होती कोण जाणे. कढीलिंबाची सावली अर्धी वरांड्यात आली होती. चारला अजून अवकाश होता, तिला भूक लागली होती, इतकी कडकडून की तिचं तिलाच हसू आलं. बाबांना सांगायला हवं होतं. कसं सांगायचं? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप, एकोणपन्नास वर्षांची लेक, आणि गल्ली. गल्ली तर आठवडाभर दुसरं काही बोलणार नाही. पण आज तिला वाक्य सजवायचा कंटाळा आला होता. ती वरांड्यात गेली. वामनराव टॅब छातीवर ठेवून डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते, पायाचा अंगठा हलत होता.

"बाबा," ती म्हणाली, "अनंत सर हैदराबादला जात नाहीत. आपल्याकडे राहायला येणार आहेत."

वामनरावांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा हलायचा थांबला.

"वर का खाली?" त्यांनी विचारलं.

रजनीनं दाराची चौकट हातानं घट्ट धरली. "खाली," ती म्हणाली.